कोपऱ्यावरील रक्षकाचें पहिलें वर्ष

कोणत्याही विद्येचा अथवा कलेचा पहिला उंबरठा ओलांडतांना मनुष्य अडखळतो, ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. परंतु बहुतेक उद्योगांतील नवशिक्यास आपल्या चुका चार भिंतींच्या आड करण्याची सोय असते. विद्यार्थ्याचें चुकलेलें गणित त्याच्या वहींत राहतें. सुताराच्या उमेदवारानें वांकडी कापलेली फळी दुकानाच्या कोपऱ्यांत पडून राहते. ज्याची प्रत्येक चूक हजारों प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडते, आणि घडतांच प्रतिपक्षाच्या नांवावर गुण चढवून जाते, असा नवशिका क्वचितच आढळतो. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलमध्यें कॉर्नरबॅक म्हणून प्रथमच उभा राहणारा तरुण हा असा नवशिका होय. त्याच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास केला असतां, चूक कां होते आणि चूक झाल्यावर काय करावें, ह्या दोन प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो. हे प्रश्न शाळेंतील मुलांचेही आहेत आणि त्यांच्या पालकांचेही आहेत.

प्रथम ह्या खेळाची थोडी ओळख करून घेऊं. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवर पायानें खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असून तो हातांत धरून पळावयाचा अथवा दुसऱ्याकडे फेकावयाचा असतो. मैदान १०० वार, म्हणजे यार्ड, लांब व १६० फूट रुंद असतें, आणि त्याच्या दोन्ही टोकांस दहा दहा वारांचा एकेक अंतिम पट्टा असतो. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी एका वेळीं खेळतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा वार पुढें सरकावें, असा नियम आहे. तें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या अंतिम पट्ट्यांत चेंडू नेला कीं टचडाउन होऊन सहा गुण मिळतात, आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडून आणखी एक गुण मिळवितां येतो. आरंभीं हा खेळ बहुतांशीं रेटारेटीचाच होता. १९०६ सालीं चेंडू पुढें फेकण्यास नियमानें परवानगी मिळाली, आणि तेव्हांपासून त्याचें रूप पालटूं लागलें.

चढाई करणाऱ्या पक्षाच्या सूत्रधारास क्वार्टरबॅक म्हणतात. तो चेंडू फेकतो, आणि रिसीव्हर नांवाचे वेगवान गडी पुढें धांवत जाऊन तो झेलतात. मैदानाच्या दोन्ही कडांना उभे राहून ह्या रिसीव्हरांस रोखण्याचें काम ज्यांच्याकडे असतें, तेच कॉर्नरबॅक. आपण सोयीसाठीं त्यांस कोपऱ्याचे रक्षक म्हणूं.

ह्या रक्षकाचें काम किती बिकट आहे तें पाहा. रिसीव्हर जेथें जावयाचें तें आधींच ठरवून धांवतो. रक्षकास तें ठाऊक नसतें. रिसीव्हर तोंड पुढें करून पळतो. रक्षक आरंभींचीं कांहीं पावलें मागें मागें टाकतो, आणि मग एका क्षणांत कंबर वळवून त्याच्या बरोबरीनें धांवूं लागतो. दोघेही चाळीस वारांचें अंतर साडेचार सेकंदांच्या आसपास कापणारे असतात. म्हणून वळण्यास पाव सेकंदाचा उशीर झाला तरी दोघांमध्यें दोन वारांची फट पडते, आणि कसलेल्या क्वार्टरबॅकास तेवढी फट पुरेशी होते. शिवाय रिसीव्हर हुलकावणी देतो. तो पांच-सहा पावलांवर आंत वळल्यासारखें करतो, रक्षक त्या बाजूस झेपावतो, आणि तेवढ्यांत गडी सरळ पुढें निसटतो. रक्षकाच्या पाठीमागें बहुधा मोकळें मैदान असतें. इतर अनेकांच्या चुका गर्दींत झांकल्या जातात; ह्याची चूक मात्र आंधळ्यालाही दिसावी इतकी उघडी पडते.

आतां कोणी विचारील कीं, जो तरुण महाविद्यालयांत तीन-चार वर्षें हेंच काम करून नांवाजला, त्यानें धंदेवाईक संघांत येतांच अडखळावें कां? त्याचें बळ कमी झालेलें नसतें, वेगही कमी झालेला नसतो. मग कोठें बिघडतें? ह्याचें उत्तर मोठें बोधप्रद आहे. पुष्कळदां त्याचें घात करणारी गोष्ट म्हणजे त्याची जुनी संवय. आणि ती संवय जुन्या ठिकाणीं अगदीं बरोबर होती.

तीन उदाहरणें घेऊं. महाविद्यालयीन खेळांत चेंडू हवेंत सुटेपर्यंत रिसीव्हरास हातांनीं अडविण्याची बरीच मोकळीक असते. धंदेवाईक खेळांत पहिल्या पांच वारांपुढें त्यास असा अडथळा केला तर पांच वारांचा दंड होतो, आणि शिवाय प्रतिपक्षास नवे चार प्रयत्न मिळतात. चेंडू हवेंत असतांना गड्यास धरलें अथवा ढकललें तर महाविद्यालयीन नियमांप्रमाणें फार तर पंधरा वारांचा दंड होतो. धंदेवाईक नियमांप्रमाणें जेथें अपराध घडला तेथेंच चेंडू ठेवला जातो. म्हणजे चाळीस वारांवर हात लागला तर चाळीस वारांची जमीन एका क्षणांत गेली. तिसरें उदाहरण मैदानाच्या मांडणीचें. प्रत्येक प्रयत्नाच्या वेळीं चेंडू ज्या दोन रांगांच्या आंत ठेवावा लागतो, त्यांमध्यें महाविद्यालयीन मैदानावर ४० फुटांचें अंतर असतें, तर धंदेवाईक मैदानावर केवळ साडेअठरा फुटांचें. त्यामुळें महाविद्यालयांत चेंडू पुष्कळदां एका कडेस असतो, आणि अरुंद बाजूच्या रक्षकास बाहेरची सीमारेषा जणूं दुसऱ्या सोबत्यासारखी मदत करते. धंदेवाईक मैदानांत चेंडू बहुतेक मध्यभागींच असल्यानें दोन्ही बाजू रुंद राहतात, आणि तो सोबती नाहींसा होतो. हात लावण्याची संवय, थोडा दंड सोसून मोठा धोका टाळण्याची संवय, सीमारेषेवर विसंबण्याची संवय, ह्या तिन्ही काल गुण होत्या. आज त्याच दोष ठरतात.

ह्याशिवाय आणखी दोन कारणें आहेत. महाविद्यालयांत त्याच्यासमोर येणाऱ्या गड्यांपैकीं थोडेच पुढें धंदेवाईक संघांत पोंचतात. येथें मात्र समोरचा प्रत्येकजण त्याच चाळणींतून निवडून आलेला असतो. आणि नवखा कोण आहे, हें प्रतिपक्षास पक्कें ठाऊक असतें. अनुभवी क्वार्टरबॅक त्याच्याच बाजूस चेंडू फेकून त्याची परीक्षा पाहतो; एकदां डाळ शिजली तर पुन्हां पुन्हां तिकडेच वळतो. त्यांत हंगामही लांब. महाविद्यालयांत बाराएक सामने होतात. राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्यें २०२१ पासून प्रत्येक संघास नियमित हंगामाचे १७ सामने खेळावे लागतात. महाविद्यालयाचा हंगाम जेथें संपत येतो तेथें ह्याला आणखी कित्येक आठवडे काढावयाचे असतात, आणि थकलेल्या पायांबरोबर मनही थकतें.

एकदां प्रतिपक्षाचा गडी आपल्यावरून चेंडू झेलून गेला म्हणजे नवशिक्याच्या मनांत दोन प्रकारचे विकार उत्पन्न होतात. कांहीं भितात. ते पुढल्या खेपेस आठ-दहा वार मागें जाऊन उभे राहतात, आणि मग प्रतिपक्ष लहान लहान झेल घेऊन सहज पुढें सरकतो. कांहीं संतापतात. ते गेलेली अब्रू एका क्षणांत परत मिळविण्यासाठीं चेंडू मध्येंच हिरावण्याकरितां आंधळी झेप घेतात, आणि हुलकावणीस बळी पडतात. तिसरा एक दोष ह्या दोहोंच्या मधला आहे. रक्षक अगदीं योग्य जागीं, गड्याच्या खांद्याला खांदा लावून धांवत असतो. परंतु आपण मागें पडूं ह्या धास्तीनें तो वळून चेंडूकडे पाहातच नाहीं, आणि शेवटच्या क्षणीं घाबरून गड्याचा हात धरतो. येथें पाय चुकले नाहींत, डोळेही अधू नाहींत. आपण योग्य जागीं आहों ह्यावर त्याचा विश्वास नाहीं, एवढेंच. प्रशिक्षकाचा पुष्कळसा वेळ हा विश्वास बसविण्यांत जातो.

प्रत्यक्ष उदाहरणांनीं ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मेल ब्लाउंट हा सव्वासहा फूट उंचीचा तरुण १९७० सालीं पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघांत आला. त्याचीं पहिलीं दोन वर्षें कठीण गेलीं. १९७१ सालीं मायामीच्या संघाबरोबर झालेल्या सामन्यांत पॉल वॉरफील्ड नांवाच्या निष्णात रिसीव्हरानें तीन टचडाउन केले, आणि त्याचा मोठा भार ब्लाउंटच्या माथीं आला. त्या वेळीं त्याच्या योग्यतेविषयीं कोणी शंका घेतली असती तर ती अवाजवी म्हणतां आली नसती. पण १९७२ पासून संघानें त्यास नियमित स्थान दिलें, आणि त्या संबंध हंगामांत त्याच्यावरून एकही टचडाउन झाला नाहीं. १९७५ सालीं त्यानें अकरा वेळां प्रतिपक्षाचा चेंडू मध्येंच झेलला. गड्यांस वाटेंत अडविण्याची त्याची हातोटी इतकी जबरदस्त होती कीं, १९७८ सालीं लीगनें पांच वारांपुढें अडथळा करण्यास मनाई केली, तो नियम लोकांत ब्लाउंटच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. गंमत अशी कीं, त्या नियमामुळें तिसाव्या वर्षीं ब्लाउंट स्वतःच पुन्हां नवशिका झाला! त्यानें नवी रीत आत्मसात केली, १९८३ पर्यंत तो खेळला, आणि एकंदर ५७ वेळां चेंडू हिरावून निवृत्त झाला. ज्यास एकदां शिकण्याची रीत साधली, त्यास पुन्हां शिकावें लागण्याचें भय वाटत नाहीं.

दुसरें उदाहरण रिचर्ड लेन ह्याचें. त्याचें शिक्षण दुय्यम प्रतीच्या महाविद्यालयांत थोडेंसेंच झालेलें; नंतर त्यानें सैन्यांत नोकरी केली व पुढें विमानांच्या कारखान्यांत अंगमेहनतीचें काम धरलें. १९५२ सालीं तो आपण होऊन लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाच्या कचेरींत गेला आणि एक संधि द्या म्हणून त्यानें विचारलें. प्रथम त्यास रिसीव्हर म्हणून अजमावण्यांत आलें. पण संघाची सांकेतिक भाषा त्यास अगदीं नवी होती. तेव्हां संकोच न धरतां तो टॉम फिअर्स ह्या जुन्या, नामांकित खेळाडूच्या खोलींत वारंवार जाऊन आपल्या शंका विचारूं लागला. त्या खोलींत ग्रामोफोनवर ‘नाइट ट्रेन’ नांवाची तबकडी वाजत असे. त्यावरून सोबत्यांनीं ह्यालाच ‘नाइट ट्रेन’ हें टोपणनांव दिलें, आणि तें जन्माचें चिकटलें. पुढें प्रशिक्षकांनीं त्यास रक्षकाच्या जागीं हलविलें. त्या पहिल्याच वर्षीं, बारा सामन्यांच्या हंगामांत, त्यानें चौदा वेळां प्रतिपक्षाचा चेंडू झेलला. त्यानंतर हंगाम लांबत लांबत सतरा सामन्यांचा झाला, तरी २०२४ च्या हंगामाअखेर कोणासही तो आंकडा गांठतां आलेला नव्हता. लेनची शरीरसंपत्ति असाधारण होती यांत संशय नाहीं. परंतु वडीलधाऱ्या सोबत्याच्या दारावर थाप मारून ‘मला हें समजत नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्यही तितकेंच असाधारण होतें.

आतां सर्वांत बोलकें उदाहरण. १९८१ सालीं एव्हरसन वॉल्स हा तरुण महाविद्यालयांत मोठा पराक्रम गाजवूनही लीगच्या वार्षिक निवडींत कोणत्याच संघानें घेतला नाहीं. त्याचा वेग कमी पडतो, असें जाणत्यांचें मत होतें. तो डॅलसच्या काउबॉईज संघांत दाखल झाला, आणि त्या पहिल्या वर्षीं अकरा वेळां चेंडू हिरावून सबंध लीगमध्यें अव्वल ठरला. त्याच वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संघानें एक धाडस केलें. आदल्या वर्षीं सोळांपैकीं दहा सामने हरलेल्या त्या संघानें रॉनी लॉट, एरिक राइट व कार्लटन विल्यमसन असे तीन नवशिके एकदम मागच्या फळींत उभे केले. चौथा ड्वाइट हिक्स तेवढा अनुभवी होता.

१० जानेवारी १९८२ रोजीं हे दोन संघ अंतिम फेरीच्या प्रवेशासाठीं एकमेकांसमोर आले. वॉल्सनें त्या दिवशीं दोनदां प्रतिपक्षाचा चेंडू मध्येंच झेलला, आणि एकदां खालीं पडलेला चेंडू ताब्यांत घेतला. डॅलसचे गुण २७ व सॅन फ्रॅन्सिस्कोचे २१ असतांना, एक मिनिटाहूनही कमी वेळ उरला असतां, जो मोंटॅना ह्यानें पळतां पळतां अंतिम पट्ट्याच्या मागच्या कडेकडे चेंडू उंच फेकला. ड्वाइट क्लार्कनें उंच उडी घेऊन तो बोटांच्या टोकांवर झेलला. त्याच्या पाठोपाठ हात पसरून धांवत आलेला रक्षक होता वॉल्स. सामना २८ विरुद्ध २७ असा सॅन फ्रॅन्सिस्कोकडे गेला, आणि त्या झेलाचें छायाचित्र देशभर प्रसिद्ध झालें. ज्यानें दिवसभर सर्वोत्तम खेळ केला, तोच तरुण त्या चित्रांत पराभवाची मूर्ति होऊन कायमचा राहिला.

पण त्या सामन्याचा आणखी एक क्षण आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानांत राहात नाहीं. त्या टचडाउननंतर ५१ सेकंद उरले होते. डॅलसच्या ड्रू पियर्सननें मैदानाच्या मध्याजवळ चेंडू झेलला. तो निसटता तर पुढें मोकळी वाट होती. एरिक राइट ह्या नवशिक्या रक्षकानें एका हातानें त्याचा सदरा मागून पकडला आणि त्यास खालीं ओढलें. विजय वांचला तो त्या एका मुठीमुळें. एका मिनिटाच्या आंत एक नवशिका हरला आणि दुसऱ्या नवशिक्यानें सामना राखला. दोघांच्या योग्यतेंत जमीन-अस्मानाचें अंतर होतें काय? नव्हतें. अंतर होतें तें कांहीं बोटांचें.

वॉल्सनें त्या चित्रापुढें मान टाकली नाहीं. पुढल्या १९८२ च्या हंगामांत तो चेंडू हिरावण्यांत पुन्हां लीगमध्यें पहिला आला, आणि १९८५ सालीं तिसऱ्यांदां. त्यापूर्वीं हें कोणीही केलें नव्हतें. जानेवारी १९९१ मध्यें न्यू यॉर्कच्या जायंट्स संघाकडून त्यानें अजिंक्यपद मिळविलें, आणि तो अंतिम सामनाही २० विरुद्ध १९ अशा एकाच गुणानें जिंकलेला होता. त्याच्या हिरावलेल्या चेंडूंची एकूण संख्या ब्लाउंटइतकीच, म्हणजे ५७, झाली. खेळ सोडल्यावर, २००७ सालीं, त्यानें रॉन स्प्रिंग्ज ह्या आजारी जुन्या सोबत्यास आपलें एक मूत्रपिंड दिलें. मनुष्याची किंमत एका छायाचित्रावरून ठरविणें किती अपुरें आहे, हें ह्याहून अधिक स्पष्टपणें कोण सांगूं शकेल?

कोपऱ्याच्या रक्षकाची स्मरणशक्ति आंखूड असावी, असें त्या खेळांतील जाणते लोक म्हणतात. हें वचन नीट समजून घेतलें पाहिजे. कारण वरवर पाहतां तें निष्काळजीपणाचें समर्थन वाटेल. वस्तुतः ह्या रक्षकास दोन स्मृति बाळगाव्या लागतात. मैदानावर पुढचा प्रयत्न अर्ध्या मिनिटांत सुरू होणार असतो. तेथें मागच्या अपमानाचा विचार करीत बसल्यास दुसरा अपमान ठरलेला. म्हणून त्या वेळीं विसरावें. परंतु सामना संपल्यावर सर्व खेळाडू एकत्र बसून त्याच सामन्याचें चित्रण पुन्हां पुन्हां पाहतात. पाऊल कोठें उशिरां पडलें, डोळे गड्याच्या कंबरेवरून ढळून खांद्याच्या हुलकावणीवर कसे गेले, हात कोणत्या क्षणीं लागला, तें सर्व प्रशिक्षक चित्र थांबवून दाखवितात. तेथें विसरून चालत नाहीं. लाज विसरावी आणि कारण लक्षांत ठेवावें, असा त्या वचनाचा अर्थ आहे. आपण पुष्कळदां नेमकें उलट करतों: चुकीचें कारण विसरतों, आणि लाज मात्र वर्षानुवर्षें उराशीं बाळगतों.

विद्यार्थिमित्रहो, मराठी शाळेंतून इंग्रजी शाळेंत, शाळेंतून महाविद्यालयांत, किंवा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातांना तुम्हीही केव्हांतरी असेच नवशिके व्हाल. काल ज्या पाठांतरावर पहिला नंबर मिळाला, तेंच पाठांतर आज पुरें पडणार नाहीं. त्या वेळीं आपली बुद्धि गेली असें समजूं नका. नियम बदलले आहेत एवढेंच ओळखा, आणि कोणता नियम बदलला तें शोधून काढा. सांपडत नसेल तर लेनप्रमाणें एखाद्या वडील सोबत्याचें दार ठोठवा.

आणि पालकांसही नम्रपणें एवढेंच सांगावयाचें कीं, स्टीलर्स संघानें १९७१ सालच्या त्या एका सामन्यावरून ब्लाउंटचा निकाल लावला असता, तर १९७२ चा ब्लाउंट त्यांस कधींच दिसला नसता. मुलाच्या नव्या इयत्तेंतील पहिल्या सहामाहीचा निकाल हातीं येईल, तेव्हां किती गुण पडले हें अवश्य पाहावें. परंतु त्याच्या शेजारीं बसून प्रत्येक चूक कोठें व कशी झाली हेंही शांतपणें पाहावें, आणि मग त्यास पुन्हां मैदानांत जाऊं द्यावें.